मुखकर्करोग आणि दूरची हाडे

गालातील किंवा हिरडीवरील गाठ लगतच्या जबड्यात थेट शिरणे आणि त्याच गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तावाटे मणके, बरगड्या, कटी किंवा मांडीच्या हाडात जाऊन वाढणे, या दोन गोष्टी वेगळ्या असून दुसरीलाच दूरस्थ प्रसार म्हणतात. मुखकर्करोग बहुधा आधी मानेतील लसिकाग्रंथींत उतरतो, त्यापुढे गेलाच तर बहुतेक वेळा फुप्फुसांत, आणि हाडांचा क्रम त्यानंतरचा. पण हाडांतील प्रसार क्वचित घडणारा म्हणून विसरला जातो, ही चिंतेची बाब आहे.

इंग्लिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या प्रसाराला बी आणि जमिनीची उपमा दिली. बांधावरचे गाजरगवत फुलण्याआधी उपटले तर शेत वाचते. बी धरल्यावर ते पाटाच्या पाण्याबरोबर कुठेही जाते, मात्र रुजते ते मानवेल त्याच जमिनीत. अस्थिमज्जा ही तशी जमीन आहे: तेथे कर्कपेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात, झिजत्या हाडातून वाढीस पोषक द्रव्ये सुटतात आणि त्यांवर पोसलेली गाठ आणखी हाड झिजवते. बी पुढे सरकण्याआधीच आवरण्याचे मोल मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१५ मधील अभ्यासात दिसले. आरंभीच्या मुखकर्करोगात मानेतील ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, तर त्या वाढेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

तोंडावर उपचार झालेल्या माणसाची पाठ दुखू लागली की घरात उसण भरली, वात आहे असे म्हणून तेल चोळले जाते, शेक दिला जातो, आणि नातवाला पाठीवर उभे करून ती तुडवूनही घेतली जाते. पोखरलेला मणका अशा भाराने खचू शकतो, म्हणून हे कदापि करू नये. प्रत्येक पाठदुखी कर्करोगाची नसते, परंतु निजल्यावरही न थांबणारी व दिवसेंदिवस वाढणारी वेदना तपासलीच पाहिजे. 

पाठ तपासून घेताना तोंडाचा जुना आजार डॉक्टरांना सांगावा, कागदपत्रे सोबत न्यावीत, कारण निदान झाले तर किरणोपचाराच्या एकाच मात्रेनेही पुष्कळ रुग्णांची हाडाची वेदना कमी होते. पायांतील बळ जाऊ लागले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दाबला गेल्याची ती खूण असू शकते. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.