उरलेले १६७ तास

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आठवड्याचे तास १६८. घरातलं मूल मानसिक आजारानं कोसळलं, की त्यातला फार तर एक तास डॉक्टरांच्या वाट्याला येतो. तालुक्याच्या गावी तोही मिळेलच असं नाही. उरलेले १६७ तास आईबापांचे. पोर रात्री दोनला टक्क जागी असते, बारावीची पूर्वपरीक्षा सोडून मुलगा पांघरुणात तोंड खुपसून पडतो, ‘मला जगायचंच नाही’ असं जेवणाच्या ताटावर बोलून जातो, तेव्हा घरात डॉक्टर नसतात. दोन घाबरलेली माणसं असतात, आणि पुष्कळदा ती एकमेकांशी बोलायची थांबलेली असतात. आज मी त्या दोघांविषयी बोलणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की या १६७ तासांसाठी त्यांना सर्वांत उपयोगी पडणारा माणूस म्हणजे त्याच वाटेनं आधी गेलेला दुसरा पालक. अशा पालकांची एकमेकांशी गाठ पडण्याची सोय गावानं करायला हवी.

अशी घरं फार थोडी असतील, असं कोणी समजू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण धरलं तर चार मुलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. तेव्हा या मंडपातही असे पालक बसलेले असणार. आपल्या पुढच्या खुर्चीवरचा माणूस त्याच काळजीत आहे, याचा त्यांना पत्ता नसतो.

तो लागत नाही, कारण ते बोलत नाहीत. आणि बोलत नाहीत, कारण तोंड उघडलं की पहिला प्रश्न येतो: ‘तुम्ही काय केलंत?’

हा प्रश्न काही अडाणी माणसांनीच विचारलेला नाही. विसाव्या शतकात तो शास्त्राच्या भाषेत विचारला गेला. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनियाचं मूळ आईच्या वागण्यात शोधणारी कल्पना मांडली आणि ती कित्येक वर्षं टिकली. १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकानं स्वमग्न मुलांच्या आयांना थंड, मायाहीन ठरवलं. त्या कल्पनेला छेद देणारा पहिला मोठा ग्रंथ त्याआधीच, १९६४ मध्ये आला होता. तो लिहिणारे बर्नार्ड रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते, आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. आज आपल्याला कळतं, की आनुवंशिकता, मेंदूची घडण, आघात, परिस्थिती यांच्या गुंत्यातून हे आजार उद्भवतात. घरातल्या वातावरणाचा परिणाम होतो, पण कुणा एका आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही. आपल्याकडे मात्र त्यासाठी ग्रंथ लिहावा लागत नाही. बारशाला आणि बाराव्याला जमणारे नातेवाईक हे काम फुकट करतात. ‘आई नोकरीला जाते ना!’ ‘बापानं लाडावून ठेवलंय.’ ‘कुलदैवताचं राहिलंय का काही?’

या आरोपाला उत्तर पालकांनीच एकत्र येऊन दिलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात १९७७ मध्ये हॅरिएट शेट्लर आणि बेव्हर्ली यंग या दोघी भेटल्या. दोघींच्याही मुलाला स्किझोफ्रेनिया. एका जेवणाच्या टेबलावर सुरू झालेल्या त्या बोलण्यातून आणखी कुटुंबं जमत गेली आणि १९७९ मध्ये ‘नामी’ ही देशव्यापी संघटना उभी राहिली. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणानं त्यांना शुभंकराचं, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्याचं, जिणं काय असतं ते दाखवलं होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या चित्रपटामागेही वाणींची धडपड होती.

याहून जुनं उदाहरण अमृतसरचं आहे. तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. खाटा कमी होत्या, माणसं कमी होती, हे त्यामागचं एक कारण. परिणाम मात्र दूरवरचा झाला. शेजारच्या तंबूतला रुग्ण बरा होऊन घरी जाताना लोकांनी डोळ्यांनी पाहिला. आजाराची भीती व्याख्यानांनी कमी झाली नसती तेवढी त्या शेजारानं झाली.

आता लंडनचा एक प्रयोग सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा त्यात आहे. संशोधक जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं होतं, की बरे होऊन घरी गेलेले काही रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात. सतत टोचून बोलणं, राग आणि श्वास कोंडेल इतकी काळजी, या तीन गोष्टी ज्या घरात जास्त, तिथे हा धोकाही जास्त. आता या निष्कर्षाचा काठी म्हणून वापर करता आला असता. ज्युलियन लेफ आणि सहकाऱ्यांनी दुसरं केलं. त्यांनी नातेवाइकांचे गट घेतले, आणि त्यात तापट घरांबरोबर निवांत घरांतली माणसंही बसवली. रोज तीच अडचण असून ज्यांचा पारा चढत नाही, ते काय करतात हे इतरांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं, हा हेतू. जोडीला आजाराची माहिती आणि घरभेटी होत्या. १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यातले निम्मे रुग्ण नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. दुसऱ्या बाजूला हे प्रमाण दहांत एकाहूनही कमी होतं. प्रयोग लहान, २४ कुटुंबांचा, आणि प्रौढ रुग्णांचा होता, हे खरं. तरीही एका पालकाचं शहाणपण दुसऱ्याला शिकता येतं, एवढं त्यातून निश्चित दिसलं.

हे शिकणं गटात कसं चालतं? उपदेशानं तर मुळीच नाही. एक आई म्हणते, ‘ती आंघोळच करत नाही हो, मी ओरडून ओरडून दमले.’ दुसरी सांगते, ‘मी आंघोळीचा विषय सोडला. पाणी काढते, टॉवेल ठेवते, बाहेर भाजी निवडत बसते. आठवड्यातून तीनदा तरी जाते आता.’ ज्या बापाला आजवर ‘कडक राहा’ एवढाच सल्ला मिळाला, तो पहिल्यांदा ऐकतो की दुसऱ्या बापानं पोराशी क्रिकेटवर बोलायला सुरुवात केली, आणि औषधाचा विषय पंधरवड्यानं निघाला. डॉक्टरांना काय विचारायचं त्याची यादी घरून लिहून न्यावी, शाळेत मुख्याध्यापकांना भेटताना किती सांगावं आणि काय राखून ठेवावं, धाकट्या भावंडाला कोणत्या शब्दांत समजवावं, हे सारं इथे मिळतं.

काही गोष्टी तर जीवन-मरणाच्या असतात. मूल जिवाचं बरंवाईट करण्याच्या मनःस्थितीत असेल तर घरातल्या सगळ्या गोळ्या एकाच्या ताब्यात, कुलपात हव्यात. शेतकरी घरात फवारणीचं औषध घराबाहेर आणि कुलपात हवं. ‘तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?’ असं सरळ विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाहीत. उलट मूल बोलू लागतं. हे डॉक्टरही सांगतात. पण ज्या आईनं तो प्रश्न स्वतः विचारलेला आहे, ती जेव्हा सांगते, तेव्हा दुसऱ्या आईच्या जिभेला बळ येतं.

कायद्याचंही तसंच. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ चा, अमलात आला मे २०१८ मध्ये. त्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही. तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. ८७ व्या कलमात अल्पवयीन मुलांना प्रौढांपासून वेगळं ठेवण्याची आणि दाखल असेपर्यंत पालकाला सोबत राहू देण्याची तरतूद आहे. ‘पोलीस केस होईल’ या धास्तीनं दवाखाना टाळणाऱ्या घराला हे वेळेवर कळलं, तर जीव वाचू शकतो.

आता मर्यादा. गट डॉक्टर नव्हे. गोळीचा डोस तिथे ठरत नाही, ‘माझ्या मुलानं औषध बंद केलं आणि तो ठीक आहे’ हे वाक्य तिथे चालू देऊ नये. बाबा-बुवा, विमा आणि काढे विकणारे दाराबाहेर. कोणाचं दुःख मोठं याची शर्यत लागू लागली, तर ती सूत्रधारानं थांबवावी. म्हणूनच सूत्रधाराला थोडं प्रशिक्षण हवं आणि हाकेच्या अंतरावर एक तज्ज्ञ हवा. धोका ताजा असेल तर बैठकीची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा दिवसरात्र चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि एक पथ्य सर्वांत नाजूक. पालक स्वतःची गोष्ट सांगतो तेव्हा ती अर्धी मुलाची असते. उद्या ते मूल बरं होऊन याच गावात नोकरी करणार आहे, लग्न करणार आहे. तेव्हा मुलाचं नाव, शाळा, निदान यांतलं किती उघड करायचं, हे समजत्या वयाच्या मुलाला विचारूनच ठरवावं. खोलीतलं बोलणं जिन्याखाली उतरता कामा नये.

बाप मंडळी येत नाहीत, हा सगळीकडचा अनुभव. पत्नीला सोडायला येतात आणि गाडीत बसून राहतात. त्यांना ‘मन मोकळं करा’ म्हणू नका, ते पळतील. खुर्च्या मांडायला बोलवा, रुग्णालयाच्या योजनांची माहिती काढायला सांगा. काम मिळालं की माणूस बसतो, आणि बसला की कधीतरी बोलतो.

अशा गटाला लागतं काय? महिन्यातून दोन रविवार, एक बंद दाराची खोली, चहा, आणि न चुकता येणारी दोन माणसं. वर्गणी नको, फलक नको, उद्घाटन तर नकोच. सत्काराच्या फोटोत यायला या पालकांपैकी कुणीही तयार होणार नाही. सुरुवातीला तिघेच येतील. काही बैठकांना एकच येईल. तरीही वार आणि वेळ बदलू नका, कारण येऊ की नको या विचारात कुणीतरी महिनोन्‌महिने ती वेळ मनात धरून असतं.

आपल्या वाचनालयाची वरची खोली रविवारी दुपारी रिकामी असते, असं मघाशी चहा घेताना कळलं. अध्यक्ष महोदय, आपण मला मानधन विचारलं होतंत. मला ती खोली द्या. मला म्हणजे या गावातल्या त्या आईबापांना. आणि पुढच्या वर्षी या विषयावर पुन्हा व्याख्यान ठेवायचं झालं, तर बाहेरून वक्ता बोलावू नका. तोवर बोलू शकणारं कुणीतरी इथेच तयार झालेलं असेल.