चेहरा आणि भूमिका : श्रीमती ललिता पवार

चित्रपटांतील नटीचें भांडवल म्हणजे तिचा चेहरा, असें म्हणण्याची रीत आहे. रंगभूमीवरील नटाला आवाज, चाल व हातवारे यांचा आधार असतो. प्रेक्षक दूर बसलेला असतो आणि मुद्रेंतील लहानसहान उणीव रंगानें झांकतां येते. पडद्यावर मात्र वीतभर चेहरा दहा हातांचा होतो, आणि पापणीचें लवणेंहि शेवटच्या रांगेपर्यंत पोंचतें. हें भांडवल एखाद्या नटीच्या हातून ऐन उमेदींत, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, एका क्षणांत निसटून गेलें तर तिनें काय करावें? श्रीमती ललिता पवार यांनीं या प्रश्नाचें उत्तर आपल्या उभ्या आयुष्यानें दिलें. आणि तें केवळ नटनट्यांनींच नव्हे, तर प्रेक्षकांनींहि समजून घेण्याजोगें आहे.

नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें पैठणीच्या मागांसाठीं सर्वश्रुत असलेलें गांव. तेथें १८ एप्रिल १९१६ रोजीं लक्ष्मणराव सगुण या रेशमाच्या व कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरीं एक मुलगी जन्मास आली. तिचें नांव अंबा. पुढें ललिता पवार म्हणून जी विख्यात झाली ती हीच. मुलींनीं चित्रपटांत कामें करणें ही गोष्ट त्या काळीं शोभेची समजली जात नसे. असें असतांहि १९२८ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटांत तिनें बालनटी म्हणून काम केलें, आणि तेथून जो प्रवास सुरू झाला तो पुढें साठ वर्षांहून अधिक काळ थांबला नाहीं.

मूकपट ही अभिनयाची कठोर शाळा होती. तेथें नटाला शब्द नसे. राग, लोभ, भीति, लज्जा, सारें कांहीं मुद्रेनेंच सांगावें लागे. पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या जें सांगत तें थोडें. चेहरा जें सांगे तेंच अधिक. या शाळेंतील धडे ललिताबाईंना पुढें, अगदीं निराळ्या प्रसंगीं, उपयोगीं पडले.

१९३१ सालीं ‘आलम आरा’ निघाला आणि बोलपटांचें युग सुरू झालें. ज्यांना नीट बोलतां येत नव्हतें व गातां येत नव्हतें असे कित्येक नट त्या लाटेंत मागें पडले. ललिताबाई मात्र टिकल्या. नटीनें आपलें गाणें आपणच म्हणावयाचें असा तो काळ. १९३५ सालच्या ‘हिंमत-ए-मर्दा’ या बोलपटांत त्या नायिकाहि होत्या व गायिकाहि होत्या. चित्रदिग्दर्शक जी. पी. पवार यांच्याशीं विवाह होऊन त्या पवार झाल्या. केवळ नायिका होऊन मिरवावें एवढीच त्यांची आकांक्षा नव्हती. १९३२ सालच्या ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितींत त्यांचा वांटा होता. आणि १९३८ सालीं टॉलस्टॉय यांच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीच्या आधारानें ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनीं काढला. वयाच्या बाविसाव्या वर्षीं टॉलस्टॉयच्या कथेला हात घालणारी ही तरुणी नुसत्या रूपावर विसंबून राहणारी नव्हती, हें उघड आहे.

आणि मग १९४२ साल आलें. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचें चित्रण चालू होतें. भगवान या नटानें, म्हणजे पुढें भगवानदादा म्हणून लोकप्रिय झालेल्या कलावंतानें, ललिताबाईंना चपराक मारावी असा प्रसंग होता. असल्या प्रसंगीं हात गालाजवळून जातो, मान फिरते, आणि प्रेक्षकाला खरा आघात झाल्याचा भास होतो. सारी करामत अंतराची असते. त्या दिवशीं तें अंतर चुकलें. चपराक खरीच बसली, आणि इतक्या जोरानें बसली कीं चेहऱ्यास पक्षाघात झाला व डाव्या डोळ्यांतील शीर फुटली. ज्या शिरेच्या बळावर पापणी मिटते आणि ओठ हंसतात ती शीर दुखावली, म्हणजे चेहऱ्याच्या दोन बाजू दोन निराळ्या माणसांच्या असाव्यात तशा दिसूं लागतात. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा बराचसा सांवरला. परंतु डाव्या डोळ्यांतील दोष कायमचा राहिला. खेळांतला आघात आयुष्यांतला आघात ठरला, आणि नायिकेच्या भूमिका संपल्या.

अशा वेळीं माणसें दोनच मार्ग पाहतात: व्यवसाय सोडून घरीं बसणें, किंवा पूर्वीचें रूप परत येईल या आशेवर दिवस ढकलणें. ललिताबाईंनीं तिसरा मार्ग धरला. जो चेहरा उरला होता त्यानें काय सांगतां येईल याचा त्यांनीं शोध घेतला. १९४४ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला. त्यांत ललिताबाई आनंदीबाईच्या भूमिकेंत होत्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई महाराष्ट्रांत पोराबाळांनाहि ठाऊक. तिच्याविषयींचा राग पिढ्यानपिढ्या सांचलेला. ती भूमिका साकार करणें म्हणजे तो सारा राग अंगावर घेणें होय. ललिताबाईंनीं तो घेतला.

तेथून पुढें दुष्ट सासू, कजाग भावजय, कठोर विधवा आणि कारस्थानी आत्या यांची रांगच लागली. शांतारामांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील हुंड्यासाठीं सुनेला छळणारी सासू, ‘जंगली’ (१९६१) मधील घरांत हंसण्यालाहि बंदी करणारी श्रीमंत आई, या भूमिका ज्यांनीं पाहिल्या त्यांना त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्याची दृष्टि विसरतां आलेली नाहीं. पाहणाऱ्याच्या ध्यानांत येतें तें असें कीं, हा डोळा लपविण्याचा प्रयत्न तेथें मुळींच नाहीं. चांगला डोळा समोरच्या माणसाकडे पाहतो, आणि दुसरा जणूं त्याच्या मनांतलें ओळखीत असतो. ज्या उणीवेनें त्यांची नायिकापदें गेलीं, तीच उणीव त्यांच्या हातांत हत्यार झाली. घराघरांतून ‘ललिता पवार’ हें विशेषनाम न राहतां खाष्ट सासूचें सामान्यनाम होऊन बसलें.

येथें क्षणभर थांबून विचार करण्याजोगा एक मुद्दा आहे. शरीराचें व्यंग हें मनाच्या वक्रतेचें चिन्ह, असा समज आपल्याकडे व इतरत्रहि फार जुना आहे. कथेंतला दुष्ट मनुष्य काणा, कुबडा किंवा लंगडा असावयाचा, आणि सज्जन मनुष्य रूपानेंहि देखणा असावयाचा. चित्रपटांनीं हा समज दूर करण्याऐवजीं पुष्कळदां दृढच केला. कारण पात्राचा स्वभाव प्रसंगांतून उलगडून दाखविण्यापेक्षां त्याच्या व्यंगाकडे बोट दाखविणें सोपें असतें. ललिताबाईंना एकामागून एक अशा भूमिका मिळत गेल्या, त्यांत त्यांच्या गुणांची पारख होती, तसाच चित्रव्यवसायाचा हा आळसहि होता. पोटासाठीं व कलेसाठीं त्यांनीं त्या भूमिका केल्या. परंतु संधि मिळतांच त्यांनीं तो समज आपल्याच चेहऱ्यानें खोटा पाडला.

१९५९ सालीं हृषीकेश मुखर्जी यांचा ‘अनाडी’ निघाला. त्यांतील मिसेस डिसा ही घरमालकीण. तोंडानें सदा करवादणारी, भाड्याची आठवण देणारी, आणि अंतःकरणानें त्या बेकार, भोळ्या भाडेकरूची आई झालेली. राज कपूर यांनीं रंगविलेला हा तरुण दारांत आला कीं ती आधीं रागावते आणि मग त्याच्या पोटाची काळजी करते. पुढें एका कंपनीचें सदोष औषध घेतल्यानें तिचा अंत होतो, आणि कथेला वळण लागतें. या भूमिकेसाठीं ललिताबाईंनीं निराळा चेहरा आणलेला नाहीं. तोच डोळा, तीच कपाळावरची आठी, तोच करडा आवाज. पण त्या कठोरपणाच्या आंतून जी माया पाझरते ती पाहून प्रेक्षकाला आपली घाई उमगते: ज्या चेहऱ्याला आपण दुष्ट ठरविलें होतें तो दुष्ट नव्हताच. गोजिरवाण्या चेहऱ्याच्या नटीनें हीच भूमिका केली असती तर ती गोड झाली असती. इतकी खरी झाली नसती. या भूमिकेला उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनेंहि त्यांचा गौरव केला.

ही एकच भूमिका नव्हे. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळेवाली जिभेनें फटकळ व मनानें मायाळू आहे. ‘प्रोफेसर’ (१९६२) मधील शिस्तीची आत्या तर नव्या शिक्षकावर भाळून आरशापुढें उभी राहूं लागते, आणि प्रेक्षक हंसतां हंसतां तिच्या एकटेपणानें गहिंवरतो. ‘आनंद’ (१९७१) मध्यें हृषीकेश मुखर्जींनीं त्यांना रुग्णालयाच्या मेट्रनची भूमिका दिली, आणि तिचेंहि आडनांव डिसाच ठेवलें.

दरम्यान पडदाच बदलत चालला होता. दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दूरचित्रवाणीचा आरंभ झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दर रविवारीं सकाळीं दिसूं लागली, आणि ती जुलै १९८८ पर्यंत चालली. त्या वेळीं रस्ते ओस पडत; ज्यांच्या घरीं संच नसे ते शेजाऱ्याच्या ओसरीवर जमत. या मालिकेंत सत्तरी गांठलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या. भूमिका चार-दोन प्रसंगांची. परंतु सारें रामायण ज्या खिळ्यावर फिरतें तो खिळा तोच. मंथरा ही कैकेयीच्या माहेरची दासी. राम राजा झाला तर भरताचें व आपल्या मालकिणीचें काय होईल, ही धास्ती ती कैकेयीच्या मनांत उतरविते. ललिताबाईंच्या मंथरेंत कपट आहेच, पण ती धास्तीहि आहे. म्हणून ती बाहुली न वाटतां माणूस वाटते. साठ वर्षांपूर्वीं मूकपटांत शिकलेली ती विद्या, शब्दाच्या आधीं डोळ्यानें बोलण्याची, दिवाणखान्यांतल्या त्या लहान पडद्यावरहि तितकीच प्रभावी ठरली.

राम-सीतेच्या भूमिका करणाऱ्यांच्या लोक त्या वेळीं पायां पडत. ही भाविकता गोड आहे. परंतु तिची दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं. रामाचें काम करणारा जर राम, तर मंथरेचें काम करणारी मंथराच ठरते. नायकाला मिळणारें प्रेम अर्धेअधिक त्याच्या भूमिकेचें असतें. खलपुरुषाला मिळणारा तिरस्कार मात्र सगळाच्या सगळा त्याच्या कलेचा पुरावा असतो. ज्या नटाला हार मिळतात त्याच्यापेक्षां ज्याला शिव्या मिळतात त्याच्याजवळ मनाची सोशिकता अधिक लागते. अशी सोशिकता ललिताबाईंनीं चाळीस वर्षांहून अधिक काळ बाळगली.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. १९२८ च्या मूकपटापासून दूरचित्रवाणीच्या मालिकेपर्यंत चित्रसृष्टीनें घेतलेलें प्रत्येक वळण त्यांनीं पाहिलें, आणि प्रत्येक वळणावर त्या उपयोगीं पडल्या. मार्च २०२० मध्यें, साथीच्या काळांत सारा देश घरीं बसला असतांना दूरदर्शननें ‘रामायण’ पुन्हां दाखविलें, तेव्हां त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलांनींहि ती मंथरा पाहिली, आणि तिचा राग केला. तो राग योग्यच होता. अभिनयाचें तेंच वेतन. घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्या मुलांना एवढें मात्र करावें: मंथरा दाखवून झाली कीं एखाद्या सुटीच्या दिवशीं मिसेस डिसाहि दाखवावी. चेहरा तोच आहे, हें मुलांच्या आपोआप ध्यानांत येईल. आणि वर्गांतल्या एखाद्या तिरळ्या, लंगड्या किंवा भाजलेल्या चेहऱ्याच्या सोबत्याला नांवें ठेवण्यापूर्वीं त्यांची जीभ क्षणभर तरी अडखळेल.