प्रकाशझोतामागचा मालकीचा प्रश्न
(कार्यकर्ता-शिबिरातील व्याख्यानाचा संपादित भाग)



सेल्युलॉइडच्या प्रतीवरून दाखविला जाणारा चित्रपट पाहण्याची ओढ जगभर पुन्हा जागी झाली आहे. २०२३ साली ‘ओपेनहायमर’ची सत्तर मिलिमीटरची आयमॅक्स प्रत जगातील तिसेक चित्रपटगृहांतच दाखविली गेली आणि प्रेक्षक दुरून प्रवास करून तेथे पोहोचले. भारतात असे एकही चित्रपटगृह नव्हते. ही ओढ म्हणजे केवळ गतकाळाची हळहळ, असे म्हणून तिची बोळवण करता येणार नाही.

तिला भौतिक आधार आहे. सेकंदाला २४ स्थिर चित्रे दिव्यासमोरून सरकतात. प्रत्येक चित्र क्षणभर थांबते, मग झडप आड येऊन पडदा काळोखतो. गती घडते ती प्रेक्षकाच्या दृष्टीत. चित्र घडविणाऱ्या सूक्ष्म कणांची मांडणी दर चित्रात निराळी असते. म्हणून निश्चल भिंतही पडद्यावर सजीव भासते. शिवाय यामागे श्रम असतात. दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटांत संपते. कोपऱ्यात ठिपका चमकताच दुसरे यंत्र सुरू करणारा, तुटलेली फीत सांधणारा ऑपरेटर हा कुशल कामगार होता. श्रेयनामावलीत त्याचे नाव कधी आले नाही.

तथापि भाबडेपणा नको. प्रती महाग असत. शहरात झिजलेली प्रत मग जत्रेतल्या तंबूत येई. ग्रामीण श्रमिकाच्या वाट्याला ओरखडे आणि गाळलेले प्रसंग येत. अंकीय तंत्राने तालुक्याच्या गावीही पहिल्याच दिवशी स्वच्छ चित्र पोहोचविले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु प्रत ही हाती धरता येणारी वस्तू होती. ती मिळविली, यंत्र जुळविले की खेळ होई. १९५९ साली महासंघ स्थापन करणारी फिल्म सोसायटी चळवळ अशाच फिरत्या प्रतींवर पोसली. आज चित्रपटगृहात येणारी फाइल वितरकाने दिलेल्या किल्लीनेच, ठरलेल्या यंत्रावर आणि ठरलेल्या मुदतीतच उघडते. तंत्र सुलभ झाले, नियंत्रण मात्र अधिक केंद्रित झाले.

आणि बाजाराने प्रती तरी कोठे जपल्या? त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी जुन्या प्रती विकल्या गेल्या. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, म्हणून पुष्कळ काही वाचले. तरी २००३ च्या आगीत नायट्रेटवरील दुर्मीळ प्रती जळाल्याच.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सार्वजनिक पैशाने जपलेल्या चित्रपटांच्या नव्या प्रती काढाव्यात, त्या अल्प दरात जिल्ह्याजिल्ह्यांत दाखवाव्यात, आणि ऑपरेटरची विद्या तरुणांना शिकवावी. जे सौंदर्य एके काळी जत्रेतल्या माणसाला जमिनीवर बसून, फाटके का होईना, पाहता आले, ते आता केवळ विमानाने प्रवास करू शकणाऱ्यांची चैन ठरणार असेल, तर हा रसिकतेचा नव्हे, समतेचा प्रश्न आहे.