ओली म्हणजे ओळ

बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, भालकी… कुठून कुठून आलात तुम्ही! मी आले ग्वाल्हेरहून. आपल्या गावाचं काय आवडतं ते बोला, असं मला सांगितलंय. किल्ल्याबद्दल बोलणार नाही, त्यासाठी गाईड आहेत.

मी माधवगंजात राहते. तिथे सगळे 'माधौगंज' म्हणतात, मीसुद्धा. हा भाग लष्करात येतो. लष्कर म्हणजे खरंच लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तंबू गेले, वाडे उभे राहिले, नाव मात्र तेच राहिलं. आमच्याकडची पहिली आवडती गोष्ट ही, गल्ल्यांची नावं. शिंदे की छावनी, खासगी बाजार, फालका बाजार, शितोले साहब की गोठ. एक भाग तर चक्क 'कंपू'! मध्यभागी महाराज बाडा. बाडा म्हणजे आपला वाडाच, हिंदीत गेला आणि 'ब' लावून बसला. रिक्षावाल्याला मराठीचा गंध नसतो, पण दिवसभर तो मराठी शब्द ओरडत असतो.

दुसरी गोष्ट सकाळची. गरम बेडई, बटाट्याची भाजी, वर जिलेबी. थंडीत गजक. दुपारी घरी वरणभात, त्यावर तूप. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

तिसरी म्हणजे गाणं, आणि यात तुमचाही वाटा आहे. ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी हे हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतले. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ख्याल शिकले आणि तो त्यांनी दक्षिणेत नेला. मिरजेत त्यांच्याकडे शिकले विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म कुरुंदवाडचा. निपाणीकरांनो, कुरुंदवाड तुमच्यापासून किती लांब? आमच्या गावात निसार हुसेन खाँ हे शंकरराव पंडितांच्या घरी राहिले, मुसलमान उस्ताद ब्राह्मणाच्या घरात. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ मध्ये गुरुकुलासारखी शाळा काढली, शंकर गांधर्व महाविद्यालय. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मी लहानपणी मूठभर खाल्लाय. काही झालं नाही.

आता जे बोलायला खरं आले ते. भा. रा. तांबे आमच्या ग्वाल्हेरचे राजकवी, तिथेच १९४१ साली गेले. साहित्य संमेलन ग्वाल्हेरला दोनदा झालं, १९२८ आणि १९६१. १९६१ च्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. आमच्या आईकडे त्या दिवसांच्या गोष्टी असायच्या. आज माझ्या गल्लीत मराठीत हाक मारली तर ओ देणारी घरं बोटांवर मोजता येतील.

तुमच्याकडे पाटीवरून भांडणं होतात, कागद मराठीत मिळावा म्हणून अर्ज करावे लागतात. आम्हाला कोणी अडवलं नाही हो. एकाही शेजाऱ्यानं कधी म्हटलं नाही की हिंदीतच बोला. आमची मराठी आम्हीच स्वयंपाकघरात ठेवली, आणि स्वयंपाकघरातून ती कुठे गेली कळलं नाही. मुलं घराबाहेर पडताना आम्हीच सांगायचो, 'बाहर हिंदी में बोलना, लोग हँसेंगे.' मीही सांगितलंय. पुण्याचे पाहुणे आले की तेही हसायचे, आमच्या 'भाजी काटून ठेव'ला. मग मुलं त्यांच्यासमोरसुद्धा बोलेनाशी झाली. दोन्हीकडून हसू आलं की पोर गप्पच बसणार.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. मराठी समजते, उत्तर हिंदीत. मागच्या महिन्यात त्याला दाना ओलीत घेऊन गेले. पाटी वाचून म्हणाला, 'मावशी, ओली मतलब गीली ना?' एवढं मराठी त्याला येत होतं! मी म्हटलं, 'अरे, ही ओली नव्हे, ओळ. दाण्याच्या दुकानांची ओळ. मला तरी ती तशीच ऐकू येते.' तो थांबला. पुढे डीडवाना ओलीची पाटी होती. ती त्यानं मोठ्यानं वाचली, 'ओळ' असंच. ळ नीट येईना, म्हणून तीनदा म्हणून पाहिलं. पान लावणारा हसला. भाच्यानं त्याच्याकडे बघितलं आणि चौथ्यांदा म्हटलं.