माळ्यावरची खिडकी

काही वर्षांपूर्वी लंडनला भाचीकडे गेलो होतो. एका सकाळी ती मला शहराच्या पूर्वेकडच्या स्पिटलफील्ड्स भागात घेऊन गेली. तिथल्या फोर्निए स्ट्रीटवर तपकिरी विटांची उंच, अरुंद घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन घरांत मिळून एक भिंत. बहुतेक घरं १७२०च्या दशकातली. त्या काळी इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज नावाचे राजे ओळीनं बसले, म्हणून या बांधणीला जॉर्जियन म्हणतात.

बांधणी साधी, पण हिशेबी. १६६६च्या आगीत लाकडी लंडन जळालं आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला, की भिंती विटा-दगडांच्याच हव्यात. १७०९च्या कायद्यानं खिडकीची लाकडी चौकट भिंतीत चार इंच आत घ्यायला सांगितली. हेतू हाच, की आग चौकटीवरून पसरू नये. नक्षी असलीच तर दारावर. बाकी शोभा खिडक्यांच्या मापाची.

मी मात्र पाहत राहिलो ते अगदी वर, छपरापाशी. तिथं माळ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्याच खिडक्या. मी भाचीला म्हटलं, ‘‘इथं माग होते.’’ तिनं विचारलं, ‘‘मामू, तुम्हाला कसं कळलं?’’

मालेगावात अब्बांचा हातमाग खिडकीला लागून होता. तुटलेला धागा दिव्याच्या उजेडात सापडत नाही, असं ते म्हणत.

तिथं खरोखरच रेशमाचे माग होते. फ्रान्सच्या राजानं १६८५मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तेव्हा पळून आलेले अनेक विणकर या भागात स्थिरावले. पुढे ज्यू शिंपी आले, मग बंगाली कारागीर. गल्लीच्या टोकाला फ्रेंचांनी १७४३मध्ये बांधलेलं प्रार्थनाघर आहे. पुढे ते ज्यूंचं सिनेगॉग झालं आणि १९७६पासून तिथं मशीद आहे. भिंती त्याच.

ही घरं सहजासहजी वाचली नाहीत. १९७७मध्ये जवळच्या एल्डर स्ट्रीटवरची दोन घरं पाडायला घेतली, तेव्हा वारसाप्रेमी माणसं त्यांत जाऊन राहिली. त्यांनी पाडकाम थांबवलं. आज या घरांना वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. पण त्यांच्या किमती इतक्या चढल्या आहेत, की माळ्यावर काम करणाऱ्याला आता तिथं राहणं परवडणार नाही. खिडकी राहिली, माणूस गेला.

इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता. तो चुकवायला अनेकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या.

हे ऐकून मी गप्प झालो. अब्बा गेल्यावर मी माग भंगारात दिला आणि भिंतीला कपाट हवं म्हणून त्यांची खिडकी बुजवली. माझ्याकडे तर कोणी कर मागितला नव्हता.

परत आल्यावर मी ते कपाट हलवलं. गिलाव्याखाली चौकटीची कड अजून हाताला लागते. गवंड्याला येत्या रविवारी बोलावलं आहे.