घुसाडीला नाव विचारू नका

इअरफोन लावले असतील तर ऐका, आज गोष्ट आहे चेहरा झाकण्याची.

दिवाळी आली की आपल्या यवतमाळच्या पांढरकवडा-झरी भागात आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणातल्या आदिलाबादेत गोंडांची दंडार रंगते. त्यातला घुसाडी पाहिलाय ना? डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, त्याला शिंगं, अंगाला राख, खोटी दाढी, खांद्यावर कातडं, हातात दांडा. दंडार संपेपर्यंत तो आंघोळ करत नाही. कारण तेवढे दिवस तो आपला शेजारचा दादा नसतोच, त्याच्यात देव आलेला असतो. म्हणून म्हातारी माणसंसुद्धा त्याच्यापुढे वाकतात. एका गावची दंडार दुसऱ्या गावी जाते, पाहुणचार होतो, सोयरिकीही जुळतात.

आता जरा लांब जाऊ, आफ्रिकेतल्या झांबियात. तिथल्या लुवाले, चोक्वे लोकांत साधारण 8 ते 12 वर्षांची मुलं गावाबाहेरच्या तळावर एक ते तीन महिने राहतात. या विधीला ‘मुकांडा’ म्हणतात. पोर जातं, पुरुष होऊन परततं. तिथे मुखवटे घालून ‘माकिशी’ येतात, म्हणजे परत आलेले पूर्वज. युनेस्कोनं 2005 मध्ये या परंपरेचा गौरव केला.

दोन्ही विधी वेगळे आहेत. तिकडे मूल मोठं होतं, इकडे मोठा माणूस काही दिवस देवाचा होतो. पण एक गोष्ट सारखी आहे: चेहरा झाकला की नाव बाजूला पडतं.

आणि आपण काय करतो? मोबाईल थेट तोंडाजवळ नेतो. रीलवर लिहितो, ‘हा तर आपला अमुक!’ दोन सेकंदात देवाचा पुन्हा शेजारी होतो.

मी शूटिंगच्या विरोधात नाही बरं का. मारलवाईच्या कनक राजूंनी हे नृत्य गावाबाहेर नेलं, पोरांना शिकवलं, म्हणूनच 2021 ची पद्मश्री त्यांना मिळाली. मंचावरच्या नाचाला टाळ्या वाजवा, कलाकाराचं नावही घ्या. पण गावात विधी चालू असेल तर आधी गावच्या जाणत्यांना विचारा. ‘नको’ म्हणाले तर फोन खिशात. ‘हो’ म्हणाले तरी लांबून काढा, टॅग करू नका.

तुमच्या गावात कोण कोणाचं सोंग घेतं, आजी-आजोबांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. जय सेवा!