प्रेमाने वर्णभेद मिटतो काय?

(बौद्ध कुटुंबांच्या वाचनमंडळात दिलेले भाषण)



आज मी एका कादंबरीविषयी बोलणार आहे. धम्माच्या व्यासपीठावर प्रेमकथेचे काय काम, असे कोणास वाटेल. परंतु आपली मुलेमुली आज शिकत आहेत, नोकऱ्या करीत आहेत आणि काही जण जातीबाहेर विवाहही करीत आहेत. त्या विवाहानंतर घराच्या चार भिंतींत काय घडते, हा प्रश्न आपल्या चळवळीचाच आहे.

नायजेरियात जन्मलेल्या चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘अमेरिकाना’ ही कादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली. लागोस शहरात शाळेत असताना इफेमेलू आणि ओबिंझे यांचे प्रेम जडते. इफेमेलू शिक्षणासाठी अमेरिकेत जाते. तेथे पैशाच्या विवंचनेत तिच्यावर एक लाजिरवाणा प्रसंग ओढवतो आणि ती ओबिंझेशी सर्व संबंध तोडते. पुढे कर्ट नावाचा श्रीमंत गोरा तरुण तिच्या आयुष्यात येतो.

स्वदेशी असताना आपण ‘काळे’ आहोत हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. अमेरिकेच्या भूमीवर पाऊल टाकताच समाजाने तिला तो शिक्का मारला. बंधूंनो, हे आपणांस नवे नाही. जन्मतः कोणीही अस्पृश्य नसतो. त्याला अस्पृश्य ठरविणारे दुसरेच असतात.

हा कर्ट दुष्ट नाही. तो तिच्यासाठी नोकरीची खटपट करतो. पण मुलाखतीत शोभावे म्हणून तिला आपले कुरळे केस औषध लावून सरळ करावे लागतात आणि त्यात डोक्याची कातडी भाजते. एका सौंदर्यगृहात तिचे काम करण्यास नकार मिळतो, तेव्हा कर्ट संतापून भांडतो व ते काम करवून घेतो. मात्र काळ्या स्त्रियांसाठी निघणारे मासिक तिच्यापाशी दिसले की तोच कर्ट म्हणतो, हे एकाच वर्णाचे मासिक एकांगी आहे. तेव्हा ती त्याला पुस्तकांच्या दुकानात नेते, स्त्रियांची मासिके पुढे मांडते आणि त्यांत काळ्या स्त्रिया किती ते मोजून दाखविते.

हा प्रसंग मला कादंबरीचे मर्म वाटतो. उघड अपमान कर्टला दिसतो, परंतु रोजचा, सवयीचा भेद त्याला दिसत नाही, कारण त्याला तो कधी भोगावाच लागलेला नाही. पुढे इफेमेलूकडून विश्वासभंग होतो आणि ते नाते तुटते. लेखिका तिचा दोष झाकीत नाही. पण कर्टपाशी जे तिला बोलता आले नाही, ते ती नंतर ब्लॉगवर साऱ्या जगासाठी लिहू लागते. जे घरात बोलता आले नाही, ते चव्हाट्यावर बोलावे लागले!

आता आपल्या घरांकडे पाहू. ‘आमच्या घरात जात नाही,’ असे पुष्कळ ठिकाणी अभिमानाने सांगितले जाते. पण हे सांगतो कोण? बौद्ध सुनेला सासरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावता येते काय? तिच्या आईने दिलेला डबा त्या स्वयंपाकघरात मानाने उघडला जातो काय? राखीव जागांवरून थट्टा झाली, तर तिचा पती तोंड उघडतो काय? सून मूग गिळून बसली म्हणजे घरात समता आली, असे होत नाही.

कायदा वाट मोकळी करतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात वर्णांतर विवाहाची बंदी रद्द केली. तोपर्यंत सोळा राज्यांत ती बंदी होती. आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. परंतु कायद्याने मन पालटत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला; आणि त्याच निबंधात बजावले की, शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा नाहीशी झाल्यावाचून लोकांची मने मुक्त होणार नाहीत. लग्न जातीबाहेर झाले आणि मन जातीतच राहिले, तर उपाय अर्धवटच राहील.

कादंबरीच्या शेवटी इफेमेलू मायदेशी परतते. ओबिंझे तोवर विवाहित असून एका मुलीचा पिता आहे. तरी दोघांचे प्रेम पुन्हा जागे होते आणि तो पत्नीला सोडून तिच्या दारी येतो. त्याच्यापाशी इफेमेलूला आपल्या वर्णाचा खुलासा करावा लागत नाही, हे तिचे समाधान खरे आहे. पण पत्नी कोसी हिचे काय? पंचशीलाचे पालन करणाऱ्या आपण वाचकांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दुसरी संधी मिळणे हे भाग्याचे. ती दुसऱ्या स्त्रीच्या संसारावर उभी राहिली तर तिचे मोल कोण देते, हेही पाहावे.

भगिनींनो, सम्यक वाचा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे; खरे आणि हितकर बोलणे ही सम्यक वाचा होय. जातीबाहेर विवाह करणाऱ्या मुलामुलींना आशीर्वाद अवश्य द्या. पण नोंदणी कार्यालयाची पायरी चढण्यापूर्वी त्यांना जातीविषयी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावयास सांगा. वरच्या समजल्या गेलेल्याने ऐकावे, खालच्या लेखल्या गेलेल्याने भय न बाळगता बोलावे. असे घर उभे राहिले, तर तेथे बंधुता खरोखर नांदेल.

जय भीम!